मुक्कामाला ऱ्हाऊ नको

"ये, पोटभर जेव, समद्यांना भेट. पण मुक्कामाला ऱ्हाऊ नको," आई फोनवर म्हणाली, आणि संघप्रियाचा माऊसवरचा हात होता तिथंच थांबला. आईचं बोलणं पुढं चालूच होतं. वांगी कुणाच्या मळ्यातून येणार, भंतेजी कधी येणार, सुनेनं दाराला कुठला रंग दिलाय, शेजारच्या म्हशीनं काल रात्री कसा दंगा केला. पण संघप्रियाच्या कानांनी तेवढं एकच वाक्य धरलं आणि बाकीचं सगळं सोडून दिलं. रविवारी माहेरी, माकणीला धाकट्या भावाच्या, अमरदीपच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. तिनं बॅग कालच भरून ठेवली होती. दोन रात्रींचे कपडे, भाच्यांना रंगपेट्या, आणि हसू नका, एक नवीकोरी चादर, आईच्या शेजारी अंथरायला. पस्तिशी उलटलेली बाई, पुण्यात कंपनीत नोकरी करून आलेली, उमरग्यात स्वतःचा संसार, नवरा उत्कर्ष हा शाळेत शिक्षक. तिला आईजवळ एक रात्र झोपायची हौस असावी, हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? की सहा वर्षांची होते तेव्हापासून आईच्या घरी माझी एकही रात्र नाही? दिवाळी असो, भीमजयंती असो, अगदी वडील गेले तो दिवस असो, उन्हं कलली की आई तिची पिशवी भरायला घ्यायची. "ऐकतीस न्हवं?" आईनं फोनवर विचारलं. "ऐकतीय गं." "मग पाचची यष्टी धर. अंधाराच्या आत घरी पोच." बरं म्हणून तिनं फोन ठेवला. खालच्या हायवेवरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला आणि खिडकीची काच थोडा वेळ थरथरत राहिली.

समोर पडद्यावर अर्धवट भरलेलं पान होतं. रणधीर सरांच्या लॅबचे सगळे रिपोर्ट आता क्लाऊडवर न्यायचे होते, आणि ते काम संघप्रियाच्या गळ्यात होतं. रक्त-लघवी तपासायची लॅब ती, उमरग्यात मोठी, जिच्या माडीवर ती आत्ता बसली होती, आणि आसपासच्या गावांत छोट्या शाखा. आजवरचा सगळा कारभार एका कॉम्प्युटरवर चालायचा. तो मागच्या खोलीत टेबलाखाली, शेजारी फिनाईलची बाटली आणि केरसुणी. उन्हाळ्यात तो एकदा बसला तो बसलाच. माणसं पुन्हा दंड पुढं करून रांगेत उभी राहिली, आणि साखरेचे जुने पेशंट हणमंतप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय वो डॉक्टर, माझं रगत तुमच्या डब्यानं पिलं का काय?" सरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. "मॅडम, ते क्लाऊड की काय ते एकदाचं करून टाका," म्हणाले. करायचं म्हणजे काय, तर डेटाबेसचा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा. पानावर एकामागून एक प्रश्न. नाव काय, किती मोठा, कुठं ठेवायचा. संघप्रियाला हे काम नवीन नव्हतं, पुण्यात असताना तिनं असे कितीतरी उभे केले होते. पण तिथं ती नुसती बटणं दाबायची. इथं मात्र आज तिला त्या साध्या साध्या प्रश्नांचा त्रास व्हायला लागला. कुठं ठेवायचा? ती त्या ओळीवरच अडून बसली.

सर चहाचा कप घेऊन वर आले आणि तिच्या खांद्यावरून डोकावले. "हैदराबाद घ्या की! गाड्या आपल्या दारातूनच जातात. काही झालं तर माणूस पाठवता येतो." तिला हसू फुटलं. माणूस जाऊन तिथं कुणाला भेटणार, दारावरचा वॉचमनसुद्धा त्याला आत सोडणार नाही, हे तिनं समजावून सांगितलं आणि मुंबई निवडली. सरांना ते फारसं पटलं नाही. मुंबईत पाणी तुंबतं म्हणाले. मग त्यांनी पडद्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हे मॅनेज्ड म्हणजे काय हो?" ती म्हणाली, "म्हणजे मशीन त्यांचं, जागा त्यांची, देखभाल-दुरुस्ती सगळी त्यांच्याकडं. आत काय ठेवायचं ते फक्त आपलं." "हां," सर म्हणाले, "म्हणजे पोर आपलं, सांभाळ दुसऱ्याकडं." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन चहाचा कप घेऊन खाली गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, आपण कुठं बोट घातलं ते.

भूकंप झाला तेव्हा संघप्रिया सहा वर्षांची होती. तिला आठवतं ते फार थोडं. तोंडात माती होती. आईनं दंडाला धरून इतक्या जोरात ओढलं होतं की पुढं चार दिवस बोटं उमटलेली दिसत होती. बाहेर काळोख होता आणि त्या काळोखात सगळं गाव एकदम ओरडत होतं. त्यांचं घर अर्धं पडलं, ही चौघं वाचली. शेजारच्या गुलाबकाकांचं, वडिलांच्या थोरल्या भावाचं घर मात्र पुरतं बसलं. दगडामातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. त्या घरातलं कुणीच बाहेर आलं नाही. मग ताडपत्र्या, पाऊस, चिखल, साहेब लोकांच्या गाड्या, ताटं घेऊन लागलेल्या रांगा. आणि त्या सगळ्यातून आईनं एक दिवस तिला अणदूरला नेलं, नंदामावशीकडं. "चार दिवस ऱ्हा," म्हणाली. अमरदीप आईच्या कडेवर होता, दूधपिता. आई त्याला घेऊन परत फिरली तेव्हा तो आईच्या खांद्यावरून बहिणीकडं बघत अंगठा चोखत होता. तो अंगठा संघप्रिया आजही विसरलेली नाही. ते चार दिवस तिची दहावी झाली तरी संपले नाहीत. पुढं सोलापूरचं होस्टेल, मग पुणं, मग लग्न. मावशी चांगली होती, तिनं कधी दुजाभाव केला नाही. पण मावशीची सासू नागूबाई जिभेची तिखट. पाहुणे आले की आईचं नाव घेऊन त्यांना सांगायची, "सुमननं पोरगा ठिवला अन् पोरगी दिली आमाला, बसून खायाला." पाहुणे हसायचे. संघप्रियाही हसायची, कारण लहान पोराला हसणाऱ्यांत हसावंच लागतं. पण ते वाक्य तिच्या पोटात गेलं ते तिथंच राहिलं. पोरगा ठेवला अन् पोरगी दिली. पुढं पगार सुरू झाला, मान मिळाला, माहेरच्या प्रत्येक कामात ती पुढं झाली, तरी ते वाक्य पचलं म्हणून नाही.

अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. देव एकच, देवळं दोन. मावशीच्या घरी खंडोबाचं काही नव्हतं, घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. पण वाजंत्री काय, सगळ्यांच्याच कानांवर पडते. पोर ओट्यावर उभी राहून बघायची. भंडारा उधळत, मशाली घेऊन माणसं देवाला न्यायची, आणि महिने सरले की तसंच वाजतगाजत परत आणायची. तिला त्या देवाचा हेवा वाटायचा. त्याला न्यायला माणसं येतात. आणायलाही माणसं जातात. देव परत आला त्या रात्री एकदा ती मावशीला म्हणाली होती, "मला कवा न्येणार?" मावशीनं तिला जवळ घेतलं आणि डोक्यात तेल घालायला सुरुवात केली. मावशीला उत्तर सुचलं नाही की ती नेहमी तेलाची बाटली काढायची.

आई यायची, नाही असं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळच्या यष्टीनं यायची, दुपारच्या यष्टीनं जायची. मावशीच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर बसून लेकीला पुढ्यात घ्यायची, वेणी सोडायची आणि बोलायला लागायची. बोलणं म्हणजे काय, पाऊसच. शेळीला काय झालं. बाप काय म्हणाला. शेडचा पत्रा कुठल्या बाजूनं गळतोय. आज्ज्याच्या आईचं नाव काय, ती कुठल्या गावची. विहिरीत आपला वाटा कुठून कुठपर्यंत. अमरदीपला दात कुठला आला. गुलाबकाका कसे हसायचे, काकू भाकरी थापताना काय गुणगुणायची. सगळं. आणि पोर बसलेली असायची एकाच प्रश्नाची वाट बघत, की आई विचारेल, तू कशी हायस गं? तुला करमतं का? रडतीस का? आई ते विचारायचीच नाही. आपलंच सांगत राहायची. आणि शेवटी वेणीला गाठ मारून म्हणायची, "सांग बघू आता, काय काय सांगितलं म्या?" मग पोरीनं सगळं पाठ म्हणून दाखवायचं. शेळी, पत्रा, दात, विहीर. एखादं जरी सुटलं तर आई जागची हलायची नाही, यष्टी निघून गेली तरी नाही. "एक ऱ्हायलं," म्हणायची, "आठव." सगळं बरोबर आलं की मगच पिशवी उचलायची. हे पोरीच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. मग ती मुद्दाम एखादी गोष्ट सोडायला लागली. कधी शेळी सोडायची, कधी दात. आई हटून बसायची आणि पोरीला आईचा आणखी एक तास मिळायचा. आयुष्यात तिनं केलेली एकुलती एक लबाडी म्हणायची ती.

दुपारपर्यंत तिनं निम्मं पान भरलं. पासवर्ड घातला. मग चाचणीसाठी एक छोटा सर्व्हर उभा करून लॅबच्या कॉम्प्युटरवरून आत जायला गेली, तर त्यानं तिलाच दारात अडवलं. तुम्हाला परवानगी नाही. आता घ्या! उभा केला हिनं, नाव ठेवलं हिनं, आणि हिलाच विचारतोय तू कोण. चूक तिचीच होती. कुठल्या पत्त्यावरून आलेल्याला आत घ्यायचं हे आधी सांगून ठेवावं लागतं, आणि ती ते विसरली होती. एरवी असली चूक ती करत नाही. तिनं लॅबचा पत्ता त्या यादीत घातला आणि दार उघडलं. तेवढ्यात सर पुन्हा वर आले, या खेपेला कपाळाला आठ्या घालून. तिनं सकाळी पाठवलेला अंदाजखर्च त्यांच्या मोबाइलवर उघडा होता. "मॅडम, हे भाडं दुप्पट का दिसतंय?"

"सर, तो दुसरा सर्व्हर आहे. पहिल्यासारखाच, हुबेहूब. पण दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या विजेवर. पहिल्याला आग लागली, पाणी शिरलं, जमीन हलली, तरी याला काही व्हायला नको."

"बरं. आणि एरवी तो काय काम करतो?"

"काही नाही."

"काही नाही? म्हणजे बसून खाणार?"

तिनं मान वर करून सरांकडं पाहिलं. ते चेष्टेनंच म्हणाले होते. "काम नाही करत, पण ऐकत असतो सर," ती सांगायला लागली, नेहमीच्या सवयीनं, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "पहिल्यात जे काही लिहिलं जाईल ते लगेच याला कळवलं जातं. बारीकसारीक सगळं. आणि यानं मिळालं म्हणून सांगितल्याशिवाय पहिला पुढं जात नाही. थांबून राहतो."

"अन् याच्याकडं कुणी जायचं नाही? काही विचारायचं नाही?"

"नाही. याला कुणी काही विचारत नाही. फक्त पहिला गेला, तर..." तिनं मान पडद्याकडं फिरवली. "तर सगळं याच्यापाशी असतं," ती कसंबसं म्हणाली, आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. रणधीर सर माणूस तसा हिशेबी, पण मनानं मऊ. बाईमाणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांची पाचावर धारण बसायची. "अहो घ्या मग! दोन्ही घ्या," ते घाईघाईनं म्हणाले. "मी काय नको म्हणालो का? घ्या दोन्ही," आणि जिना उतरताना कुणाला तरी वर पाण्याचा ग्लास पाठवायला सांगितलं.

तिनं दुसऱ्या सर्व्हरच्या चौकटीत खूण केली आणि शेवटचं बटण दाबलं. खरा सर्व्हर तयार व्हायला लागला. पडद्यावर एक बारीकसं चक्र फिरत होतं, आणि ती त्याच्याकडं बघत बसली होती, पण बघत नव्हती. तिला धुण्याचा दगड दिसत होता. केसांत फिरणारी बोटं. सांग बघू आता. एक ऱ्हायलं, आठव. असं कसं असेल? तिनं स्वतःलाच दटावलं. आई शाळेची पायरी न चढलेली बाई, तिला कुठलं असलं सुचायला! आपल्याला तसं असावंसं वाटतंय म्हणून आपण जुळवतोय झालं. पण मग विहिरीचा वाटा सहा वर्षांच्या पोरीकडून का पाठ करून घ्यायचा? अमरदीपला का नाही कधी काही पाठ करायला लावलं? तो तर म्हणतो, आई माझ्याशी धड बोलतच नाही. आणि आजसुद्धा फोनवर वांगी, भंतेजी, दाराचा रंग, म्हैस. "ऐकतीस न्हवं?" तिला एकदम रागच आला. तीस वर्षं! तीस वर्षं एका शब्दानं सांगू नये? रागाच्या खालून काहीतरी ऊबदार वर येत होतं आणि ती त्याला वर येऊ देत नव्हती, कारण ते खोटं निघालं असतं तर तिला सोसवलं नसतं. चक्र थांबलं. तयार आहे, असं पडद्यावर आलं. तिनं पाणी प्यायलं, तोंड धुतलं आणि जुने रिपोर्ट नव्या जागी हलवायला घेतले. घरी गेल्यावर बॅगेतली चादर काढून ठेवावी असं मनात आलं होतं, पण ती तिनं राहू दिली.

रविवारी माकणीत ऊन चांगलंच होतं. अमरदीपचं घर म्हणजे तीन खोल्या आणि वर सिमेंटचा स्लॅब. रंगाचा वास अजून गेला नव्हता. भंतेजी आले, बुद्धवंदना झाली, पोरांनी सगळ्या खोल्यांतून पळून प्रतिध्वनी काढून बघितले, आणि दुपारी पंगती बसल्या. भात, वरण, वांग्याची भाजी, खीर. उत्कर्षला परीक्षेचं काम होतं म्हणून ती एकटीच आलेली. सुमनबाई, तिची आई, नव्या लुगड्यात सगळीकडं फिरत होती, वाढत होती, ओरडत होती. पण घराच्या मागं पत्र्याचं जुनं शेड होतं, भूकंपानंतरचं, ते अमरदीपनं चारदा पाडायला काढलं आणि आईनं चारदा पाडू दिलं नव्हतं. तिची बाज आजही तिथंच होती. उन्हं कलायला लागली तशी ती शेडात शिरली आणि लेकीची पिशवी भरायला बसली. डब्यात खीर, फडक्यात भाकरी, शेंगाची चटणी. संघप्रिया तिच्या मागोमाग आत गेली आणि बाजेवर टेकली. इतक्या वर्षांचा प्रश्न, पण तो विचारायला तिला काहीच लागलं नाही, तोंड उघडलं आणि तो बाहेर आला.

"आई, मला अणदूरला का ठेवलंस गं?"

सुमनबाईचा हात डब्याच्या झाकणावर राहिला. "आता त्येचं काय मधीच?"

"आणि सगळं पाठ का करून घ्यायचीस? शेळी, विहीर, आज्ज्याच्या आईचं नाव?"

आईनं झाकण नीट लावलं, डबा पिशवीत ठेवला. बाहेर पंगतीची भांडी वाजत होती. मग ती खालीच बघत म्हणाली, "गुलाबभाऊजींच्या घरात तवा बाळ हुतं. तुला याद न्हाय. म्हैन्याचंबी नव्हतं. त्येचं नाव ठरिवलं हुतं त्यांनी, आदल्या रातीच. जाऊबाई मला म्हणली, ठरलंय बघ नाव, पर आता सांगत न्हाय, सकाळी सांगते समद्यांना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सकाळी समद्यांना वळीनं ठिवलं हुतं भायेर. सायेब नावं लिवत हुता. समद्यांची सांगितली म्या. बाळापशी आला अन् म्हणला, ह्येचं नाव काय? आता काय सांगू? त्या घरातलं एकबी माणूस मागं नव्हतं. नाव हुतं गं त्येला! पर ठावं असणारं कुणीच ऱ्हायलं न्हाय. समदी एकाच माळवदाखाली झोपली हुती."

संघप्रियानं आईचा हात धरला. तो थंड होता, खिरीनं चिकट झालेला. "तवा म्या ठरिवलं," आई म्हणाली, "माझ्या घरातलं एक माणूस दुसरीकडं पायजे. अन् त्येला समदं ठावं पायजे. अमऱ्या अंगावर पीत हुता. अन् तू अशी हुतीस की एकदा सांगितलं की इसरणं न्हाय. मंग तुलाच न्येली."

"मला वाटायचं तू मला देऊन टाकलंस."

"टाकलं?" सुमनबाईनं मान वर केली, आणि तिचा चेहरा असा झाला की संघप्रियाला आपण बोललो ते परत घ्यावंसं वाटलं. "अगं, जपून ठिवली तुला म्या. समद्यात जपून. यष्टीत बसले की पदर तोंडात कोंबून रडायची, कंडक्टरसुदिक इचारायचा, काय झालं माय म्हणून."

"मग सांगायचं नाही का एकदा तरी!"

"काय सांगायचं? की आमी समदी मेलो तर तू हाईस म्हणून? सा वर्साची पोर तू. झोप लागली असती का तुला एक रात तरी?" ती नाक ओढत म्हणाली, "कशी हाईस म्हणूनबी इचारत नव्हते म्या. तू रडली असतीस तर माझ्यानं तुला तितं ठिववलं नसतं."

हे मात्र संघप्रियाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती आईच्या मांडीवर डोकं टेकवून मुकाट रडली, आणि आई तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. जरा वेळानं तिनं तसंच पडल्या पडल्या विचारलं, "आणि आता? आता कशाला घालवतेस मला?" सुमनबाईनं पत्र्याच्या दारातून समोरच्या नव्या घराकडं पाहिलं. "आज समदी त्या सिलापाखाली निजणार. अमऱ्या, सून, नातवंडं. मला बी आत न्येणार म्हणतोय. तू बी त्यातच निजल्यावर मंग ऱ्हायलं कोण भायेर?"

दारात भांड्याचा आवाज झाला. अमरदीप रिकामं पातेलं घेऊन उभा होता, कधीपासून कुणास ठाऊक. त्यानं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजी एकानं भायेर निजायचं," तो म्हणाला, "एवढंच न्हवं?"

"तू जा रं, पंगत बघ."

"पंगत उठली." तो आत आला आणि आईच्या बाजेवरची वाकळ झटकून पुन्हा नीट पसरायला लागला. "मग म्या निजतो हितं. आत ताई निजंल, तुझ्यापशी."

"येड लागलं का तुला? पहिली रात हाय तुज्या घराची!"

"तिची बी पहिलीच हाय की," अमरदीप म्हणाला.

त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला त्यानं उशी दोनदा उलटीपालटी केली. मग बहिणीकडं बघून म्हणाला, "पर ताई, मला पाठबीठ काय हुणार न्हाय, आधीच सांगतो. दहावीला दोन खेपा बसलोय म्या." सुमनबाई रडता रडता हसायला लागली आणि तिनं लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला. लांब फाट्यावर पाचच्या यष्टीचा हॉर्न वाजला. तिघांनीही तो ऐकला. आईचा हात सवयीनं पिशवीकडं गेला, आणि मग तिनं तो मागं घेतला. पिशवीतला खिरीचा डबा काढून तिनं बाजेखाली ठेवला.

दिवेलागणीला संघप्रियानं आतल्या खोलीत चादर अंथरली. स्लॅबखाली गारवा होता, रंगाचा वास होता, खिडकीतून शेडाचा पत्रा दिसत होता आणि पत्र्याखाली बाजेवर आडवा पडून मोबाइल बघणारा अमरदीप. आई हातात फणी घेऊन आली. "बस फुडं," म्हणाली. लेक पुढ्यात बसली. आईनं वेणी सोडली आणि बोलायला लागली. सकाळी भंतेजी आले तवा काय झालं, वांग्यांत मीठ कुणी कमी घातलं, धाकट्या नातवानं भिंतीला खडूनं काय काढलं, खीर पातेल्याला कशी लागली, सून आडून कशी रडली, आनंदानं.

"आई, मी होते की इथंच दिवसभर."

"गप. ऐक."

ती ऐकत राहिली. भांग काढून झाला, वेणी झाली, गाठ बसली. "सांग बघू आता," आई म्हणाली, "काय काय सांगितलं म्या?" संघप्रियानं डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं. भंतेजी, मीठ, भिंतीवरचा खडू, सून. आणि थांबली.

"एक ऱ्हायलं," आई म्हणाली.

"नाही आठवत."

मागं आईची बोटं थोडा वेळ वेणीच्या गाठीवर नुसतीच राहिली. "तवाबी असंच एक सोडायचीस," सुमनबाई म्हणाली, "मला काय कळत नव्हतं व्हय?" आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून ती लेकीच्या शेजारी नीट बसली.